चंद्रावती आतेच्या हातची नवरी

कार्तिक संपत आला तरी खाडीवरच्या वाऱ्याला धार आली नव्हती. सकाळी नुसतं ओलं धुकं, अंगाला चिकटणारं, आणि त्यात ओहोटीच्या चिखलाचा कुजका वास. पनवेल बंदराच्या पलीकडच्या मिठाच्या आगरात माणसं बांधाला चिखल लावत होती. पावसाने बांध खाल्लेले असतात. मीठ धरायच्या आधी ते भरून काढावे लागतात. खाडीतला चिखल घमेल्यात भरायचा, डोक्यावरून आणायचा, बांधावर आपटायचा आणि तळहाताने लिंपायचा. पुन्हा खाली उतरायचं. तुळशीराम मोकल गुडघाभर चिखलात उभा राहून बायकांना घमेली भरून देत होता आणि भरता भरता एका पोरीला मारत होता.

पोर कागदावरची होती. वेणू तिचं नाव.

"इठू, दिवा जरा पुढं कर. मना तुझा तोंड दिसत नाय," तुळशीराम बारीक आवाजात बोलला. मग थांबला. मान हलवली. घमेलं भरून जनीच्या डोक्यावर दिलं आणि पुन्हा बोलला, "दिवा पुढं कर रे. तोंड बघू दे." तेही पटलं नाही.

जनी डोक्यावर घमेलं घेऊन तशीच उभी राहिली.

"कोन मरते रे तुलशीराम?"

"वेणू."

"आपली? सिनेमातली?"

"हां."

"आता गो बाय! परवा तर हलद लागली तिला!"

जनीने घमेलं बांधावर आपटलं, हात धुतले नाहीत की पदर सोडला नाही, तशीच वस्तीच्या वाटेला लागली. तुळशीरामला कळलं ती कुठे निघाली ते. हाक मारावी असंही वाटलं, पण तेवढा जोर काढायचा कंटाळा आला. त्याने दुसऱ्या बाईचं घमेलं ओढलं.

तुळशीराम तेव्हा चाळिशीला पोचला होता. पाऊस उघडला की आगर आणि पाऊस लागला की मुंबई, असं त्याचं वर्ष दोन तुकड्यांत फाटलेलं. तरुणपणी परळच्या एका स्टुडिओत तो सुताराच्या हाताखाली लागला. एकदा सेटवर कोळ्याची झोपडी उभी करताना संवाद लिहिणाऱ्या मुनशीने त्याला सहज विचारलं, "काय रे, तुमच्यात बायको रागावली की नवऱ्याला काय म्हणते?"

तुळशीराम खिळा ठोकता ठोकता बोलला, "कय नाय बोलत. टोप आपटते."

मुनशीने ते तसंच लिहून घेतलं. पडद्यावर बाईने टोप आपटला आणि थेटर हसलं. तेव्हापासून तुळशीरामच्या हातातला हातोडा सुटला नाही, पण कानावर पेन्सिल आली ती लिहायची. गडी, हमाल, नावाडी, दारुडा यांचं बोलणं त्याने लिहायचं. नायक-नायिकेचं दुसरे लिहीत. पिक्चरच्या सुरुवातीला पाट्या पडतात त्यात त्याचं नाव खालच्या गर्दीत असे, आणि ते वाचून होईस्तोवर पाटी पुसली जाई. भामा, त्याची बायको, प्रत्येक वेळी म्हणायची, "मना दिसलंच नाय," आणि तो म्हणायचा, "व्हतं."

बसून लिहिणं त्याला जमत नसे. बसला की डोळे मिटायचे. हात कशात तरी गुंतले की बोलणं तोंडात यायचं, आणि तोंडात आलं ते कानाला पटलं तरच कागदावर. त्यामुळे त्याचा प्रत्येक सीन आधी आगराला ऐकायला मिळायचा. बायका चिखल वाहता वाहता ऐकायच्या, मधेच म्हणायच्या, "यो काय असा बोलनार नाय हां, तुलशीराम, यो भितरा हाय." तो बदलायचा. माणसाच्या हातात काम दिल्याशिवाय त्याला बोलायला लावू नये, हा त्याचा एकच नियम. मासे साफ करणारी बाई खोटं बोलली की विळीवर तिचा हात अडतो. मग ती खोटं बोलतेय हे सांगायला वेगळं वाक्य लागत नाही. असं तो स्टुडिओतल्या नव्या पोरांना सांगायचा. पोरं ऐकायची आणि लांब लांब वाक्यं लिहायची.

पिक्चरची अख्खी गोष्ट त्याची स्वतःची, असं पहिल्यांदा या वर्षी घडलं. पनवेलीतल्या भातगिरणीच्या जगनशेठला पिक्चर काढायची हौस आली होती. "भात काय, सगळेच भरडतात," तो म्हणायचा. तुळशीरामने गिरणीतल्या पोत्यांवर बसून त्याला गोष्ट ऐकवली: आगरातली वेणू, गलबतावरचा विठू. दोघांचं लग्न होतं. विठूचं गलबत वादळात सापडतं. सगळे म्हणतात बुडाला. वेणू मानत नाही, मीठ ओढत राहते. शेवटी एका दुपारी तो बांधावरून चालत येतो. ती त्याच्याकडे बघते आणि हातातलं फावडं खाली ठेवते. संपलं.

या गोष्टीत लग्नाचा जो सीन होता त्यात तुळशीरामने एकही वाक्य लिहिलं नव्हतं. जन्मभर ज्याला बोलणं लिहायला ठेवला, त्याने नुसते हात लिहिले. हळद वाटणारे हात, आंब्याचा टहाळा बांधणारे हात. वेणूची आई एक तांब्या उचलते, कुठे ठेवायचा ते न सुचून होता तिथेच ठेवते. आणि या सगळ्यावर धवलारणीचं गाणं. आगरी लग्नात भट नंतर, आधी धवलारीण. मांडवात बसून ती धवळे, म्हणजे लग्नाची गाणी गाते आणि त्या गाण्यांनीच एकेक विधी पुरा होतो. वस्तीतली धवलारीण म्हणजे तुळशीरामची आते, चंद्रावती. तिच्याच तोंडून ते गाणं घ्यायचं ठरलं.

शूटिंगच्या दिवशी आतेने मांडवात बसून पहिला प्रश्न विचारला, "नवरीचा नाव काय?"

डायरेक्टरने नटीचं नाव सांगितलं.

"तिच्या गल्यात मंगलसूत्र हाय. दोन पोरं हायत, मी इचारलंय. तिच्या नावानं कशी गाऊ? पाप लागंल."

आतेची रीत सासूकडून आलेली: नाव घेतल्याशिवाय धवळा उचलायचा नाही, आणि उचलला की अर्ध्यावर टाकायचा नाही. ऊन सरकत होतं. डायरेक्टर घड्याळ बघत होता. तुळशीराम घाईत बोलून गेला, "आते, वेणूच्या नावानं गा. वेणू आनि इठू."

"ती कोनाची?"

"माझीच. मीच केलेली."

"तुझीच ना? मंग घरचीच." आणि तिने धवळा उचलला.

थोड्या वेळाने डायरेक्टर "कट" म्हणाला. आते गातच राहिली. तो पुन्हा ओरडला. कॅमेरावाल्याने कॅमेरा बंद केला, नटी पाटावरून उठायला लागली तशी आतेने गाता गाताच तिला मनगटाला धरून खाली बसवलं. मांडवातल्या बायका हसत होत्या. नट म्हणाला, "साहेब, मी जेवून येऊ का?" त्यालाही बसवलं. शेवटी डायरेक्टर स्वतःच एका कोपऱ्यात जाऊन बसला, आणि मग काय वाटलं कोण जाणे, कॅमेरावाल्याला म्हणाला, "चालू कर." आतेने वेणू आणि विठूचं लग्न शेवटपर्यंत लावलं. उठताना दोघांच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "सुखानं ऱ्हावा." नटीच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिला कोणी लिहून दिलं नव्हतं.

आता तीच आते बांधावरून काठी टेकत येत होती, मागे जनी. लिंपलेल्या ओल्या चिखलावर पाय पडू नये म्हणून कडेकडेने चालत होती. तुळशीरामच्या समोर आली आणि बांधावरच बसली.

"तुलशीराम."

"काय आते."

"वेणूला काय झालं?"

"कय नाय. शेठ बोलला, शेवट बदल."

"आजारी हाय?"

"हां. ताप हाय."

"कवापासून?"

तुळशीराम अडला. ते त्याने ठरवलंच नव्हतं. "दोन-तीन दीस झाले असतील."

"आनि वैदू आनला नाय कोनी?"

"आते, सिनेमा हाय तो."

"सिनेमा हाय ते मना समजतंय. मी काय येडी हाय?" आतेने काठी चिखलात रोवली. "तू मांडवात काय बोललास? माझीच हाय, बोललास का नाय?"

"बोललो."

"मंग? घरच्या मानसाला असा मारतात?"

जनी तोंडावर पदर धरून हसत होती, तिला आतेने नजरेनेच गप्प केलं. मग आवाज उतरवून म्हणाली, "ऐक. माझ्या हातची लग्नं काय सगली सोन्याची नाय झाली. कोनाचा नवरा दारू पितो, कोनाची सासू खाष्ट. ते ज्याचं त्याचं नशीब. पन हलद उतरायच्या आदी माझी नवरी गेली, असा कवा झाला नाय. काशीरामाची पोर या फाल्गुनात उजवायची हाय. त्याची बायको काल येऊन बसली व्हती, सुपारी देऊन गेली. उद्या तंबूत सिनेमा लागंल. माझा तोंड दिसंल, माझा आवाज ऐकू येईल, आनि लगेच माझी नवरी मरंल. काशीरामाची बायको काय बोलंल? दुसरी बग, हिच्या हाताला यश नाय."

"लोकांना कलतं आते, खोटं आस्ते ते."

"कलतं?" आते म्हणाली. "जनीला कललं?"

जनीने दुसरीकडे बघितलं.

"शेठला सांग," आते उठत म्हणाली. "तू लिवनारा हायस ना?"

"शेठ मालक हाय, आते."

"आनि तू?"

"मी चिखल आनतो," तुळशीराम म्हणाला, आणि खाली वाकून घमेलं भरलं.

पण दुपारी भरती चढली, काम थांबलं, तेव्हा तो हातपाय धुऊन पनवेलीत गेला. बंदरावरून बाजारात शिरताना त्याला वाटत होतं, चालता चालता काही सुचेल. नाही सुचलं. मेलेल्या माणसाला कसं जिवंत करायचं हे त्याने पुष्कळ पिक्चरांत होताना बघितलं होतं. जिवंत माणसाला मरू न देणं कुणी करायला सांगितलं नव्हतं.

गिरणीत पट्ट्याचा धडधडाट आणि हवेत कोंडा. जगनशेठच्या टोपीवर, भुवयांवर कोंडा बसलेला.

"ये तुळशीराम, बस. चाय घे. मारलीस का?"

"मारतोय. मरत नाय."

शेठ हसला. "अरे, घाई कर बाबा. परवा स्टुडिओ बुक आहे. तंबूवाले येऊन गेले, सांगितलं ना तुला? अर्धं पिक्चर बघितलं त्यांनी. म्हणाले, शेठ, सब ठीक, पण बायका पदर तोंडाला कधी लावणार? नवरा आला, बायकोने फावडं खाली ठेवलं, खेळ खलास. हे बघून माणूस घरी जाईल, भाकर खाईल, विसरून जाईल. रडलेली बाई शेजारणीला घेऊन परत येते." शेठचं म्हणणं खोटं नव्हतं; पुढे तंबूत ते दिसलंच. "तो दारात आला पाहिजे आणि तिचा दिवा विझला पाहिजे. एवढंच तर आहे."

"शेठ, तिचं लगीन आतेनं लावलंय."

"मग?"

तुळशीरामने सांगितलं. सुपारीचं सांगितलं, काशीरामच्या पोरीचं सांगितलं. सांगताना त्याला स्वतःलाच ते वेडपट वाटत होतं, तरी सांगितलं. शेठ आधी हसला. मग हसू आवरून त्याने टोपी काढली, मांडीवर झटकली. गिरणीतल्या हमालांची लग्नं चंद्रावतीनेच लावलेली, हे त्यालाही माहीत होतं.

"म्हातारीचं वाईट व्हावं असं मला नाही वाटत," तो म्हणाला. "पण शेवट बदलणार. तू नाही लिहिलास तर मुंबईहून दुसरा लिहील. त्याला आते नाही, मावशी नाही. बोल, काय करू?"

तुळशीराम कपातल्या चहाकडे बघत बसला. चहावर कोंड्याचं एक टरफल तरंगत होतं. पिक्चर म्हणजे काय, तुकडे. एक तुकडा दुसऱ्याला चिकटवला की लोक त्यातून अर्थ काढतात. आतेचा हात आणि वेणूचं मरण एकमेकांना चिकटले म्हणून हा अर्थ निघणार होता. मरण हलत नव्हतं. मग हलणारं एकच उरत होतं, आणि ते तोंडातून काढायला त्याला बराच वेळ लागला.

"मंग लगीन काढा."

"काय?"

"लगीन कापा. आतेचा सगला सीन. स्टुडिओत भट बोलवा, अंतरपाट धरा, मंगलाष्टकं म्हना. सगल्या पिक्चरमधी आस्ते तसं."

शेठने त्याच्याकडे नीट बघितलं. "डायरेक्टर म्हणतो, अख्ख्या पिक्चरमध्ये बघण्यासारखी तीच एक गोष्ट आहे."

"हां."

"ती तू लिहिलीस."

"हां."

"तुझं तुला कापवेल?"

"मना कुठं कापायचं हाय? कैची मुंबईला हाय," तुळशीराम म्हणाला. हसायचा विचार होता, पण तोंड नुसतं वाकडं झालं.

शेठने टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग आतून धंदा बोलला. "लांबी पण जास्तच होती म्हणा. गाणं टाकता येईल तिथे." तुळशीराम उठला. चहा तसाच राहिला. "आणि मरणाचा सीन?" शेठने मागून विचारलं.

"देतो उद्या."

परत येताना उन्हं कलली होती. तो घरी न जाता आधी आतेकडे गेला. आते ओटीवर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. भामाही तिथेच होती, खडे वेचत. त्याचा चेहरा बघून भामाने पुढ्यातलं ताटच बाजूला सरकवलं.

"शेठ बोलला, तुझा सीन काढतो," तुळशीराम उभ्याउभ्याच म्हणाला. "तू दिसनार नाय. तुझा आवाज पन नाय. कोन तुला कय बोलनार नाय."

आतेचे हात थांबले. "म्हंजे मी सिनेमात नाय?"

"नाय."

"जरा बी नाय? बाजूला बसलेली?"

"नाय, आते."

ती सुपातल्या तांदळाकडे बघत राहिली. "करंजाड्याच्या बहिनीला सांगून बसले मी. गाडी करून येनार व्हती ती, सगली पोरंबालं घेऊन." मग सूप पुन्हा एकदा हलवलं, कोंडा उडवला. "ऱ्हाऊ दे. तिला सांगीन, नवा लुगडा नेसले नाय म्हनून मना काढलं."

भामा तुळशीरामला म्हणाली, "तो सीन? हातांचा?"

"तोच."

"तुमी बोलले, तो तेवढाच माझा."

"बोललो व्हतो," तुळशीराम म्हणाला.

मग आतेनेच विचारलं, "आनि वेणू?"

"तिचा लगीन आता भट लावील. तुझा संबंध नाय."

"ती मरनारच?"

"मरनार."

"आरं, भट लावील तो मागाहून. आदी मी लावलंय," आते म्हणाली, आवाजात रागबिग काही नव्हता. "तुमी काय ते कापा. लागलं ते लागलं." तिने सूप खाली ठेवलं, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि घरात मोरीकडे निघाली.

"कुठं चाललीस?"

"आंगावर पानी घेते. माझ्या हातची पोर गेली. तशीच बसू?"

"अजून गेली नाय, आते. लिवायची हाय."

आते दारात थांबली. मान वळवून त्याच्याकडे बघितलं. त्याच्या नखांत वाळलेला चिखल, पायांना मिठाने पडलेल्या भेगा, सगळं बघितलं.

"मंग आजच लिव," ती म्हणाली. "लटकत ठेवू नको तिला. तापात लई हाल होतात रे." आणि आत गेली. थोड्या वेळाने मोरीतून तांब्याचा आवाज आला.

भामा म्हणाली, "जेवून घ्या." तुळशीराम म्हणाला, "भरती उतरली असंल," आणि आगराकडे गेला.

पाणी खरंच उतरलं होतं. खाडी मागे सरलेली, चिखल उघडा पडून चमकत होता. बांधावर कुणी नव्हतं. सकाळी लिंपलेला भाग सुकून फिकट झाला होता, आणि त्याच्या अलीकडे खेकड्यांनी बिळं पाडली होती. ती राहिली की पुढच्या भरतीला तिथूनच पाणी शिरतं. तुळशीराम उकिडवा बसला. चिखलाचा गोळा उचलला, बिळात कोंबला, वरून तळहाताने दाबला. हात कामात होते, तरी वेणूचं एकही वाक्य तोंडात येत नव्हतं. दुसरा गोळा उचलला आणि पुढचं बीळ कुठे आहे ते हाताने चाचपायला लागला.